भोंग्याची बॅटरी

आवाज काही मोठा नव्हता. मोठा असता तर बरं झालं असतं, एकदाच काय ती बोंब आणि मोकळं. हा नुसता ‘टीं’. मग काहीच नाही. आपण म्हणावं, गेला वाटतं, फोडणीला तेल ठेवावं, आणि मोहरी तडतडायच्या आत परत ‘टीं’. पेपर वाचताना, पोळ्या लाटताना, आणि देवापुढे बसलं की मग तर हमखास. माझ्या डोक्याचं पार भजं झालं होतं.

आमच्या घराच्या दर्शनी भिंतीवर, वरच्या बाल्कनीला लागून, चोर शिरला तर बोंबलणारा भोंगा बसवलेला आहे. त्याच्या पेटीत त्याची स्वतःची एक छोटी बॅटरी असते. लाइट गेली किंवा कुणी शहाण्यानं तार कापली, तरी त्या बॅटरीच्या जोरावर भोंगा ओरडतो. ती बॅटरी संपत आली की पेटी अशी टीं टीं करून सांगत राहते, बाई गं, मला बदल. बाईला ऐकू येत होतं. बाई नवऱ्याच्या कानीकपाळी ओरडून थकली होती.

नवरा म्हणजे आमचे हे. हवाई दलात सगळी नोकरी विमानांच्या दुरुस्तीत गेली. चंदीगढची बदली शेवटची ठरली आणि आम्ही इथेच राहिलो. सगळे नातेवाईक विचारतात, पुण्याला का नाही आलात? ह्यांना इथले सरळ रस्ते आवडतात, आणि मला तेव्हा इथल्या शाळेत गणित शिकवायची नोकरी होती, एवढंच कारण. आता दोघंही निवृत्त. मुलगा बेंगळुरूला. घरात आम्ही दोघं आणि तो भोंगा.

आणि घोडं अडलं होतं ते असं. सांगलीला माझी आई न्हाणीत घसरून पडली होती. खुब्याचं ऑपरेशन झालं, वहिनीनं रात्रंदिवस केलं, पण आता वहिनीला लेकीच्या बाळंतपणाला जायचं होतं. मी येते म्हणून सांगून बसले होते. आई रोज फोनवर विचारायची, “निघालीस का गं?” जसं काही मी पायात चप्पल घालून दारातच उभी आहे.

मी निघणार कशी? हे मागे एकटे. ह्यांच्या छातीत स्टेंट बसवल्यापासून पलंगाशेजारी एक लाल बटण लावून घेतलंय; ते दाबलं की हाच भोंगा वाजतो आणि शेजारीपाजारी धावत यावेत अशी योजना. त्यात आमच्या गल्लीतल्या निम्म्या कोठ्यांना, म्हणजे बंगल्यांना, कुलपं, मुलं कॅनडात आणि आईबाप कधी इथे कधी तिथे. हिवाळ्यात अशाच एका बंद घरातून चोरांनी नळसुद्धा काढून नेले. तेव्हा मी ह्यांना स्वच्छ सांगून टाकलं होतं, भोंग्याची बॅटरी बदलल्याशिवाय मी घराबाहेर पाऊल टाकणार नाही.

ह्यांचं म्हणणं, बॅटरीला काही झालेलंच नाही.

“वाजतोय की सारखा!” मी म्हणाले.

“कुठे वाजतोय?”

“अहो, आत्ता वाजला!”

“मला नाही ऐकू आला.”

“तुमचं लक्ष होतं का?”

मग हे गंभीरपणे उठले, पायात बूट घातले (पोर्चमध्ये जायला बूट!), आणि हात मागे बांधून भोंग्याखाली जाऊन उभे राहिले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. टीं. हे ढिम्म. थोड्या वेळानं पुन्हा टीं. हे तसेच, तोंड वर करून, मोठं विमान उतरायची वाट बघावी तसे. मग आत येऊन मला म्हणतात, “पूर्ण शांतता आहे. पॅनेलवरचा दिवा हिरवा आहे. सिस्टिम सर्व्हिसेबल.”

सर्व्हिसेबल! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्यांना माझी चेष्टा करायची जुनी खोड आहे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी ह्यांनी मला पटवलं होतं की लष्करी वसाहतीत पोळ्या चौकोनी लाटाव्या लागतात. त्यामुळे मला वाटलं, चाललंय नेहमीचं. म्हातारपणी सुद्धा जिवाला थारा नाही.

दुसऱ्या दिवशी नवीनच निघालं. “अगं, तो तांबट पक्षी असेल,” हे म्हणाले. “उन्हाळ्यात ओरडतो ना टुक टुक.”

“तांबट? भिंतीला स्क्रूनं बसवलेला?”

“त्या पिंपळावर आहे एक.”

“अहो, तांबट टुक टुक करतो. हे टीं आहे, टीं!” असं मी इतक्या जोरात ओरडले की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. हे मात्र छान हसले आणि चहा मागितला. मी दिला. बशीवर कप आपटून दिला, पण दिला.

शेजारच्या भाभी माझ्या बाजूच्या होत्या. पंजाबी बाई, मनानं मोकळी, कुंपणावरून रोज कढीपत्ता मागते आणि बदल्यात वाटीभर राजमा देते. ती म्हणाली, “दीदी, आपकी दीवार में कोई चूजा फँस गया है क्या? सारा दिन चीं चीं.” पिल्लू तर पिल्लू, मी तिचा दंड धरून तिला ह्यांच्यापुढे उभं केलं. म्हटलं, घ्या, हाताच्या काकणाला आरसा कशाला. तर ह्यांनी तिला तांबटाची गोष्ट सांगितली, इतक्या तपशिलात की ती बिचारी पिंपळाकडे बघतच परत गेली.

भोंगा बसवणाऱ्या माणसाला मी फोन लावला. तो जवळच्या खरड गावात राहायचा. “आज पक्का, मॅडम जी,” असं तो रोज म्हणायचा आणि रोजचा आज उद्यावर जायचा. शेवटी एकदा उगवला, मोटरसायकलही बंद न करता आत आला, बटण दाबलं, लाइट होती त्यामुळे भोंगा गल्ली दणाणून वाजला, आणि “चंगा है जी” म्हणून गेला सुद्धा. टीं व्हायला जो दोन मिनिटांचा वेळ लागतो तेवढंही कुणी थांबेल तर शपथ. हे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला. तिकडे फोनवर आई म्हणाली, “तुला यायचंच नाही, असं सांग ना सरळ.” मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले आणि भांडी उगीचच पुन्हा घासली.

अखेर आंधी धावून आली. इकडे मेमध्ये दुपारीच आभाळ पिवळं होतं, धूळ उठते, दारं आपटतात आणि पहिली जाते ती लाइट. पंखा थांबला तशी मी पळत गेले आणि ह्यांच्या देखत पलंगाशेजारचं लाल बटण दाबलं. बाहेर भोंग्यानं ‘घुर्र’ केलं, घसा बसल्यासारखं, आणि गप्प झाला. वाऱ्याशिवाय कसलाच आवाज नाही.

हे त्या बटणावर वाकले. “हं,” म्हणाले. “बॅकअप गेलाय.”

गेलाय म्हणे! जसा काही ह्यांनीच शोध लावला. मी इतके दिवस काय भजन म्हणत होते?

पण एकदा पटलं की ह्यांना आवरणं मुश्कील. दुसऱ्या दिवशी सकाळीच मार्केटातून नवी बॅटरी आली. शिडी आली. स्क्रूड्रायव्हर ओळीनं फडक्यावर मांडले गेले. आणि मग मला बोलावून कामाची रीत समजावण्यात आली.

ह्या रीतीबद्दल सांगायला हवं, कारण माझं सगळं लग्न तिनं व्यापलंय. विमानाच्या कामात एकानं सांगायचं, दुसऱ्यानं ते शब्द परत म्हणायचे, काम करायचं, आणि ‘झालं’ म्हणायचं. ते ‘झालं’ कानावर पडल्याशिवाय पुढच्या कामाला हात लावायचा नाही. ह्यांनी ही रीत घरात आणली. बाहेर पडताना हे दारातून विचारणार, “गॅस बंद?” मी म्हणायचं, “गॅस बंद. झालं.” नुसतं ‘हो हो’ म्हटलं तर कुलूप लागत नाही. माझी वहिनी पहिल्यांदा आली तेव्हा पदर तोंडात कोंबून हसत होती. एकदा माझ्या ‘झालं’साठी हे खाली मोटार सुरू करून बसून राहिले आणि आमची गाडी चुकली, पण रीत चुकली नाही.

तर ठरलं असं. पेटीचं झाकण तसंच उघडलं तर भोंग्याला वाटतं चोरानंच हात घातला, आणि तो बोंबलतो. म्हणून आधी आतल्या पॅनेलवर नंबर दाबून त्याला सर्व्हिस मोडवर टाकायचं. हे शिडीवर, मी आत पॅनेलपाशी. ऊन आत येऊ नये म्हणून पुढचं दार लोटलेलं.

“सर्व्हिस मोड!” बाहेरून हुकूम आला.

“सर्व्हिस मोड!” मी म्हणाले आणि नंबर दाबला. पॅनेलनं लाल दिवा दाखवला. पुन्हा दाबला. चारचं बटण अडकत होतं, पोळीच्या पिठाच्या हातानं वर्षानुवर्षं दाबलेलं, दुसरं काय होणार. “थांबा हो,” मी म्हटलं. “अजून झालेलं नाही.” पुन्हा दाबते तोवर बाहेर स्क्रू फिरवल्याचा आवाज आला. “अहो थांबा! झालं नाही म्हणतेय ना!”

आणि भोंगा वाजला. आंधीत घुर्र करून मेलेला तो भोंगा, आता लाइट होती म्हणून, जो काही बोंबलला! मी चारचं बटण नखानं उचकटून नंबर दाबला, एकदाचा दिवा बदलला, आवाज थांबला, आणि मी धावत बाहेर आले. हे दोन्ही हातांनी शिडीला धरून उभे होते. चेहरा पांढरा. झाकण एका स्क्रूवर लोंबत होतं. भाभी कणकेच्या हातानं कुंपणापाशी, समोरचे सरदारजी अर्धी बांधलेली पगडी धरून गेटात, कुत्रं तर वेडंच झालेलं.

“कुछ नहीं जी, कुछ नहीं!” मी सगळ्यांना म्हटलं. “बॅटरी बदल रहे हैं!”

लोक गेले. मग मी शिडीकडे वळले.

“पडला असतात म्हणजे? स्टेंट बसवलाय ना छातीत? मी थांबा म्हणत होते, घसा फोडून ओरडत होते! तुम्हाला कळत नाही का?”

“मला काही ऐकू आलं नाही,” हे म्हणाले.

“मग झाकण कशाला उघडलंत?”

“वाटलं, झालं असेल.”

वाटलं!  ज्या माणसानं ‘झालं’ ऐकल्याशिवाय आयुष्यात दाराला कुलूप लावलं नाही, तो शिडीवर उभा राहून म्हणतो, वाटलं, झालं असेल.

तेवढ्यात उघड्या पेटीतून ती मरायला टेकलेली बॅटरी म्हणाली, ‘टीं’. ह्यांच्या कानापासून वीतभरावर. मी खाली उभी होते तरी मला लख्ख ऐकू आलं. ह्यांची पापणीसुद्धा हलली नाही. चेष्टा करणाऱ्या माणसाच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी असतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. तिथे काही नव्हतं.

“आत्ता वाजला,” मी म्हणाले.

ह्यांनी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “वाजला?” असं विचारलं. खरंच विचारलं.

मला एकदम शिडी धरावीशी वाटली, आणि मी धरली.

“किती दिवस झाले हे?”

“दिवस कसले. बारीक आवाज कधीचेच गेलेत,” हे वरूनच म्हणाले. “जाडे येतात. इंजिनांपाशी एवढी वर्षं काढली, तेव्हा कानात कापूस घालायचो, बस.”

“आणि नातीचा फोन आला की ‘नेटवर्क नाही’ म्हणून माझ्या हातात देता, ते?”

“तिचं काहीच कळत नाही गं. नुसते ओठ हलतात.”

ती पोर बेंगळुरूहून मला विचारायची, “आजी, आजोबा मुझसे गुस्सा हैं क्या?” आणि मी तिला नेटवर्कच सांगत होते.

“मग तोंड शिवलं होतं का तुमचं? सांगायला काय झालं होतं?” माझा आवाज परत चढला. रडू येतंय असं वाटलं की मला आधी राग येतो, हे माझं जन्मापासूनचं आहे.

“सांगितलं असतं तर तू सांगलीला गेली असतीस?” हे म्हणाले. “आई तिकडे वाट बघतायत.”

 ऊन डोक्यावर आलं होतं आणि काम अर्धवट लोंबत होतं. मी आत गेले, पुढचं दार सताड उघडलं, पडदा बाजूला केला, आणि पॅनेलपाशी अशी उभी राहिले की शिडीवरून मी दिसेन. हे समजले. इंजिन चालू असलं की विमानतळावर कोण कुणाचं ऐकणार, तिथे हातानंच बोलतात. लग्नानंतर हे मला त्या खुणा हौसेनं शिकवायचे आणि मी कंटाळायचे. आता ह्यांनी वरून पंजा दाखवला, थांब. मी पंजा दाखवला. मी नंबर दाबला, दिवा बदलला, आणि अंगठा वर केला. ह्यांनी अंगठा वर केला. जुनी बॅटरी निघाली, नवी बसली, झाकण लागलं. एकही शब्द न बोलता आम्ही एवढं नीट काम पहिल्यांदाच केलं असेल.

मग हे खाली उतरले, फडक्याला हात पुसले, आणि भोंग्याखाली माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. दोघंही वर बघत. बराच वेळ.

“बंद झाला?” ह्यांनी मला विचारलं.

“बंद झाला,” मी म्हणाले. मग आठवण झाली, म्हणून तोंड त्यांच्याकडे करून म्हटलं, “झालं.”

संध्याकाळी चहा घेताना माझ्या मनात जे घोळत होतं ते मी विचारलंच. “आणि माझा? माझा आवाज येतो का?”

हे बशीत चहा ओतत राहिले. मला वाटलं, हेही नाही ऐकलं. मी पुन्हा विचारणार, एवढ्यात म्हणाले, “तू नीट बोलतेस तेव्हा अर्धामुर्धा येतो. चिडलीस की पूर्ण येतो. शाळेतला आवाज लागतो तुझा. एकेक शब्द.”

मी कप खाली ठेवला. “म्हणून तो तांबट?”

हे चहा पीत राहिले.

“आणि पोर्चमध्ये बूट घालून उभं राहणं? आणि पलंगावर रोजचा ओला टॉवेल?”

“टॉवेल मी खरंच विसरतो,” हे म्हणाले.

हसावं की बशी फेकून मारावी, मला कळेना. इतके दिवस मी समजत होते की हा माणूस मला छळतोय. छळतच होता मेला. पण ते एवढ्यासाठी.

त्यानंतर मी ह्यांना ओढत कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हटलं, आणि हे बराच वेळ हात मांडीवर ठेवून शहाण्यासारखे बसून राहिले. बाहेर यंत्रावर प्रत्येक आवाजाला दिवा लागताना मला दिसत होता. तेव्हा मात्र मला राग आला नाही. यंत्र लावायचं ठरलं, पण ते तयार होऊन यायला वेळ होता, आणि आई थांबायला तयार नव्हती. मी थांबते म्हटलं तर ह्यांनीच तिकीट काढून माझ्या हातात दिलं. मी घराची किल्ली भाभीकडे दिली, तिला लाल बटणाचं समजावलं, मेन स्विच बंद करून भोंगा एकदा वाजवून दाखवला. नव्या बॅटरीवर तो असा कडाडला की भाभी म्हणाली, “दीदी, अब तो चोर क्या, यमराज भी नहीं आएगा.” हे हसले. तेवढं त्यांना ऐकू आलं असावं.

आता सांगलीला येऊन मला बरेच दिवस झाले. आईला काठीवर उभं करायचं काम चालू आहे आणि तीही माझ्याइतकीच तापट, त्यामुळे घर दणाणतं. पण सकाळी सगळ्यांत आधी मी मागच्या दारी, तुळशीपाशी, फोन तोंडासमोर धरून उभी राहते. पडद्यावर हे दिसतात, दाढी अर्धवट, मागे पलंगावर ओला टॉवेल.

“गोळी घेतलीत का?” मी ओरडते. “आणि तो टॉवेल! काल काय सांगितलं होतं मी? माणसाला एकदा सांगून कळत नाही का?”

पडद्यावर अंगठा वर होतो. मग हे चेहरा फोनच्या अगदी जवळ आणतात आणि म्हणतात, “अजून सांग.”

मी अजून सांगते. शेजारणी खिडकीतून डोकावतात. काल तर आतून, पलंगावरून, आईचा आवाज आला, “अगं, एवढ्या लांबून तरी ओरडू नकोस त्यांना! काय केलंय जावईबापूंनी?”

“काही केलं नाही गं आई,” मी म्हणाले. “ओरडत नाहीये. बोलतेय.”